खाटेखालचा वैल

आमच्या घरात दोन गाड्या आहेत असं मी सांगते तेव्हा ऐकणाऱ्याच्या भुवया वर जातात. त्यातली एक मोटरसायकल. दुसरी एका खासगी शाळेतून निवृत्त झालेली मिनीबस. बस आणि तिचा ड्रायव्हर एकाच वर्षी निवृत्त झाले, आणि ड्रायव्हर बसला घरी घेऊन आला. हा ड्रायव्हर म्हणजे माझा नवरा. तोंडावर मी त्याला ‘तुम्ही’ म्हणते, पण लिहिताना ‘तो’ म्हणणार आहे. माझं लिहिलेलं तो वाचत नाही, त्यामुळे घरातली शांतता टिकून राहील.

आमचा बंजाऱ्यांचा तांडा फुलसावंगीपासून फार लांब नाही. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. त्या फिरण्याला आम्ही लदेणी म्हणतो. आता आमचं फिरणं म्हणजे घर ते वावर आणि वावर ते घर. वावरात कापूस, तूर, सोयाबीन. बस अंगणात येऊन उभी राहिली तेव्हा तांड्यातल्या लोकांना वाटलं, हा आता लग्नाची वऱ्हाडं वाहणार. त्यानं मात्र पहिल्याच आठवड्यात आतल्या सगळ्या सीटा उपटून काढल्या आणि त्या जागी घर मांडायला सुरुवात केली. खाट, पाण्याची टाकी, मागच्या कोपऱ्यात बसायचा संडास, चहापुरता गॅस. पोरांनी तिचं नाव घरगाडी ठेवलं.

हे घर त्यानं आपल्या आईसाठी बांधायला घेतलं होतं. आईला आमच्या गोरबोलीत याडी म्हणतात. लग्न होऊन आले तेव्हापासून मीही तिला याडीच म्हणते, आणि ‘तू’ म्हणते. घरात आम्ही गोरबोलीतच बोलतो, पण इथं ती बोलणी मी वऱ्हाडीत लिहिणार आहे. वऱ्हाडी आम्हाला परकी नाही, आणि याडीला रागवायचं असेल तर ती वऱ्हाडीतच रागावते.

याडीला साखरेचा आजार जुना. त्यानं हळूहळू तिच्या तळपायांची जाणीव नेली. काटा रुतला तरी कळत नाही, चटका बसला तरी कळत नाही. मागच्या उन्हाळ्यात ती देवळाच्या फरशीवरून अनवाणी चालत घरी आली. मला पाणी मागितलं आणि आत जाऊन खाटेवर बसली. पाणी घेऊन जाताना मला जमिनीवर तिच्या ओल्या पावलांचे ठसे दिसले. वाटलं, पाय धुऊन आली. पण मोरी कोरडी होती. तळपायांना फोड येऊन ते फुटले होते, त्याचे ते ठसे होते. आणि ती माझ्या तोंडाकडे बघून विचारत होती, “काय झालं व? अशी काहून पाहून राह्यली?”

ती जखम भरायला दिवाळी आली. यवतमाळच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता हे पाय स्वतः काही सांगणार नाहीत, रोज तुम्हीच डोळ्यांनी बघायचं. आणखी एक जखम झाली तर पाय वाचवता येईल याची खात्री नाही. त्या दिवसापासून संध्याकाळी दिवाबत्ती झाली की याडी भिंतीला टेकून पाय लांब करते, मी चष्मा लावते आणि एकेक बोट उकलून बघते. वऱ्हाडीत ‘पाहा’ला ‘पाय’ म्हणतात. ही हाक ती मला वऱ्हाडीतच मारते: “पाय, पाय.” यातला पहिला पाय म्हणजे बघ आणि दुसरा म्हणजे पाऊल, की त्याच्या उलट, हे मी आयुष्यभर मराठी शिकवूनही ठरवू शकलेले नाही.

आता तिची बहीण. ती आमची मावशी, राहते मारेगावच्या बाजूला एका तांड्यात. जिल्हा एकच, पण आम्ही एका टोकाला आणि ती पार दुसऱ्या टोकाला. मावशीचे गुडघे गेलेले, ती येऊ शकत नाही. याडीला एसटीत पाय खाली सोडून इतका वेळ बसवत नाही, ते सुजतात. शिवाय तिला घडीघडी लघवीला जावं लागतं, आणि रस्त्याच्या कडेला बसण्याचं वय राहिलं नाही. दोघी फोनवर बोलायच्या. बोलणं काय, तर एक म्हणायची, “ये ना व,” आणि दुसरी म्हणायची, “तूच ये ना.” फोन ठेवला की याडी थोडा वेळ भिंतीकडे तोंड करून बसायची. कधीतरी तिच्या लेकानं ते पाहिलं असावं. तो बोलत नाही, पण बघतो. मला त्याचं हे फार उशिरा कळलं आणि कळल्यापासून मी त्याच्याशी निम्मंच भांडते.

घरगाडी तयार होत असताना तो सारखा याडीचा विचार करत होता. खाट डाव्या बाजूला ठेवली, म्हणजे दारातून दोन पावलं टाकली की बसता येईल. फरशीवर प्लायवूड टाकून वर गुळगुळीत मॅट चिकटवली, म्हणजे तिच्या पायाला काही टोचायला नको. गाडीच्या पोटाखाली एक पातळ पत्रा लटकत होता, तो खडखडायचा. इतकी वर्षं पोरांच्या गलक्यात तो कोणाला ऐकू आला नव्हता. रिकाम्या गाडीत ऐकू यायला लागला, तर याडीची झोप मोडेल म्हणून त्यानं तो काढून भंगारात टाकला. तो पत्रा तिथं कशासाठी होता, असा प्रश्न त्यालाही पडला नाही आणि मलाही नाही.

पौषातल्या कडाक्याच्या थंडीत आम्ही निघालो. कापसाची दुसरी वेचणी झाली होती, तूर अजून उभी होती. याडीनं बहिणीसाठी घरच्या म्हशीचं तूप कढवून एका स्टीलच्या डब्यात भरलं होतं. थंडीनं ते इतकं घट्ट बसलेलं की चमचा उभा राहावा. डबा सांडू नये म्हणून तो मी खाटेखाली फरशीवर ठेवला. आडवी हो म्हटलं तरी याडी खाटेच्या काठावर बसली, पायात जाड मोजे घालून, आणि खिडकीतून बाहेर बघत राहिली. वाटेत दिसणाऱ्या प्रत्येक वावराबद्दल तिचं काही ना काही मत होतं. कोणाचा कापूस फुटला नाही, कोणी तूर दाट पेरली, कोणाचं कुंपण मोडलं. इतक्या आनंदात मी तिला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

आर्णीला चहाला थांबलो. याडी म्हणाली, “थे तूप पाहून घे एकदा, सांडलं तं नाही?” मी वाकून डबा ओढला आणि झाकण काढलं. आत तूप पाण्यासारखं हलत होतं. माझ्या डोक्यात काही शिरेना. बाहेर लोक शेकोटीला बसले होते आणि इथं तूप वितळलेलं. मी डबा होता तिथं फरशीला हात लावला आणि झटकन मागे घेतला. आणि बरोबर त्याच जागी, डब्याच्या शेजारी, याडीचे पाय टेकलेले होते.

मी तिचे पाय उचलून मांडीवर घेतले आणि मोजे ओढून काढले. दोन्ही तळवे लालभडक झाले होते. फोड नव्हता. मी पुन्हा पुन्हा बघितलं, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा, पण फोड कुठंच नव्हता. जाड मोज्यांनी वाचवलं होतं. तेव्हा मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. याडी माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, “पाय, पाय. नीट पाय. अजून हायेत ना दोन्ही?”

नवरा चहाचे कप घेऊन दारात उभा होता. मी त्याला म्हटलं, “तुम्हाले घर बांधायचं होतं का भट्टी?” तो कप खाली ठेवून गाडीखाली शिरला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. इंजिनातला तापलेला धूर ज्या नळीतून मागे जातो ती नळी, आणि तिच्या मधोमध आवाज गिळणारा तो लोखंडी डबा, सायलेन्सर, बरोबर याडीच्या खाटेखालून जात होता. मधे जो पत्रा असायचा तो भंगारात गेला होता. आम्ही आर्णीहूनच परतलो, याडी खाटेवर पाय वर घेऊन पडली आणि मी तिच्या उशाशी बसले. घरी येऊन तिनं मावशीला फोन लावला आणि सांगितलं, “गाडी बिघडली.” तिकडे मावशीनं सकाळपासून चूल पेटवून ठेवली होती हे आम्हाला फोनवर कळलं.

त्यानंतर जे झालं त्याचं मला आता हसू येतं. आम्ही कापसाच्या मुलखातले. थंडी वाजली की कापूस, कंबर दुखली की कापूस, कान फुटला की कापूस. तेव्हा खालून धग लागते म्हटल्यावर मी काय करणार? मी घरचा कापूस पिंजून आणला आणि खाटेखालच्या फरशीच्या मापाची एक जाडजूड गादी भरली. चांगली मांडी घालून टाके घातले. वर तुपाचा डबा ठेवला आणि नवऱ्याला सांगितलं, महागावपर्यंत जाऊन या. याडीला अर्थातच नेलं नाही. ती दारात बसून राहिली.

तो परत आला तेव्हा तूप घट्ट होतं. मी विजयी मुद्रेनं तांडाभर सांगून आले. चहा पिऊन पुन्हा गाडीत गेले तर गाडी बंद, आणि तूप वितळायला लागलेलं. कापसानं धग अडवली नव्हती, साठवून ठेवली होती. कापसाचं तसंच असतं, त्याला थंडी-गरमी कळत नाही, जे मिळेल ते धरून बसतो. गादी उलटून पाहिली तर खालचं कापड पिवळं पडलं होतं आणि त्याला करपल्याचा वास होता. नवऱ्यानं ती गादी दोन बोटांत धरून बाहेर नेली आणि विहिरीजवळ नेऊन भिजवली. मला तो काहीही बोलला नाही. एवढी संधी मिळून न बोलणं हे काही सोपं नाही, आणि त्याबद्दल मी त्याचे आभार मानलेले नाहीत ते इथं मानते.

मग गाडी महागावच्या एका वेल्डरकडे गेली. त्यांना सगळे चाचा म्हणतात. मी बरोबर गेले, कारण आता मला हे प्रकरण तडीस न्यायचं होतं. चाचा गाडीखाली झोपले, बॅटरी मारली आणि आतूनच म्हणाले, “भाऊ, सायलेन्सरचं मागून पाहू. पहिले हे जोड पाहा. इथून धूर निकलून राह्यला.” दोन नळ्या जिथं जोडल्या होत्या तिथलं पॅकिंग जळून गेलं होतं, आणि फटीतून तापलेला धूर सरळ वर, फरशीच्या बुडावर आदळत होता. तिथं काजळीचा काळा पंखा उमटला होता. नवऱ्याचा चेहरा उतरला. धग तर धग, पण तो धूर आत शिरला असता तर खिडक्या लावून झोपलेल्या माणसाचं काय झालं असतं, हे आम्हा दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. चाचांनी नवं पॅकिंग घातलं, बोल्ट आवळले आणि इंजिन चालू करून जोडाभोवती हात फिरवून पाहिला. मग नळीला उष्णता अडवणारी जाड पट्टी गुंडाळली, जनरेटरच्या नळीला गुंडाळतात तशी.

त्यानं निम्मं काम झालं. तूप कडेनं वितळायचं, मधे गोळा राहायचा. उरलेल्या निम्म्यासाठी पत्रा हवा होता. चाचांच्या दुकानामागे जुन्या कुलरचे सांगाडे रचलेले होते, आमच्याकडे ते प्रत्येक गच्चीवर असतात. त्यातल्या एका कुलरचा चांगला पत्रा कापून नवऱ्यानं तो गाडीच्या पोटाला लावला. मागच्या वेळी पत्रा खडखडला होता, म्हणून यावेळी त्यानं तो फरशीला अगदी घट्ट आवळला, केसही शिरणार नाही असा. आवाज बंद झाला. धग मात्र तशीच. महागावहून आल्यावर मी डबा उघडला, बघितला आणि पुन्हा झाकण लावलं. त्या संध्याकाळी जेवताना तो एवढंच म्हणाला, “इकून टाकतो गाडी.” याडीनं मान हलवली. जणू तिला ते आधीच माहीत होतं, आणि ती तिच्या लेकाचं दुःख हलकं करायला मान हलवत होती. मला ते बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी अंगणात उभी होती. तो नुकताच ती बाहेरून फिरवून, धुऊन आला होता. मी अंगणातल्या चुलीवर भाकरी करत होते. ज्यांच्या घरात आता चूल नाही त्यांच्यासाठी सांगते: मुख्य चुलीच्या बाजूला एक लहान तोंड असतं, त्याला वैल म्हणतात. त्यात लाकूड घालायचं नसतं. चुलीतली उरलेली धग आतल्या भोकातून त्याच्याकडे जाते, आणि त्यावर वरण, दूध, भाजी ऊन राहते. याडी घरगाडीच्या दारात, पायांत चपला घालून बसली होती. मी तिला चहा दिला तर म्हणाली थंड झाला. मी म्हटलं दे, वैलावर ठेवते. तर ती कप उचलून मागे गाडीच्या फरशीवर, बरोबर त्या तापणाऱ्या जागी ठेवत म्हणाली, “हे काय इथं हाय ना. इंजिनाची चूल समोर केली, अन् माह्या खाटेखाली वैल काढला. मले आता चहाची चिंता नाही.”

मी हसले. नवराही हसला, बऱ्याच दिवसांनी. आणि मग माझा हात पिठात तसाच राहिला. वैलावर दूध ठेवायचं असेल तर काय करतो आपण? भांडं तसंच टेकवून ठेवलं तर दूध खाली लागतं. म्हणून खाली तीन खडे ठेवतो आणि त्यावर भांडं. खडे असले की भांड्याच्या बुडाखालून वारा खेळतो, दूध ऊन राहतं पण लागत नाही. इतकी वर्षं मी रोज ते करत होते. हाताला माहीत होतं, डोक्याला विचारायची वेळच आली नव्हती.

मी नवऱ्याला म्हटलं, “पत्रा घट्ट लावला तिथंच चुकलं. त्याले खडे पाहिजेत.”

“कायचे खडे?”

“पत्रा अन् फरशी, मधात हवा जाऊ द्या. धग पत्र्याले लागन, पत्र्याची फरशीले नाही लागणार. भांड्याखाली खडे ठेवतो तसे.”

“गाडी अन् चूल एक हाय का?” तो म्हणाला आणि भाकरी खाऊन वावरात निघून गेला. माझ्या नवऱ्याची ही पद्धत मला पाठ आहे. पहिल्यांदा नाही म्हणायचं, मग एकट्यानं जाऊन त्यावर विचार करायचा. संध्याकाळी तो वावरातून सरळ महागावला गेला आणि खिशातून पाइपाचे बोटभर उंचीचे तुकडे घेऊन आला. चाचांनी त्याला आणखी एक सांगितलं होतं, आणि ते त्यानं प्रामाणिकपणे चाचांच्या नावावर सांगितलं: पत्र्याच्या पुढच्या आणि मागच्या कडा बंद करायच्या नाहीत. कुलर लावला आणि खोलीची मागची खिडकी बंद ठेवली तर घर गार होतं का? आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट पाहिजे. गाडी चालली की पुढून वारा शिरेल आणि मागून निघेल.

तुकडे मधे घालून पत्रा बोल्टांनी लटकवला. खडखडू नये म्हणून प्रत्येक बोल्टाला दोन नट घातले, एकावर एक. मग सगळे घराबाहेर आले आणि तो तुपाचा डबा घेऊन एकटा गाडी घेऊन निघाला. आम्ही त्याची जेवढी वाट बघितली तेवढी आमच्या घरात फक्त परीक्षेच्या निकालांची बघितली गेली आहे. परत आल्यावर त्यानं डबा उघडला नाही. तसाच माझ्या हातात दिला. झाकण काढलं. तूप घट्ट. वरती निघण्याआधीची चमच्याची रेघ होती तीही तशीच. गाडी बंद करून थोडा वेळ थांबलो, कापसाच्या गादीनं शहाणपण शिकवलं होतं. तरी घट्ट. याडीनं बोट घालून थोडं तूप काढलं आणि लेकाच्या तोंडात घातलं. तो पन्नाशी उलटलेला माणूस, अंगणात सगळ्यांसमोर आईच्या बोटावरचं तूप खात उभा राहिला.

पुन्हा निघालो तेव्हा थंडी ओसरत आली होती. यावेळी मी चपला काढून ठेवल्या आणि याडीच्या पायांजवळ, फरशीवर अनवाणी पाय टेकून बसले. तिच्या पायांना कळत नाही ना, मग माझ्या पायांनी कळवायचं. थोड्या थोड्या वेळानं ती विचारायची, “पाय बरं, फरशी गरम हाय का?” मी म्हणायची, “नाही याडी, गार हाय.” आर्णी आली. मागच्या वेळी इथूनच फिरलो होतो. नवऱ्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली आणि आम्ही न थांबता पुढं गेलो. यवतमाळ मागे पडलं. उन्हानं गाडी वरून तापली, खालून मात्र फरशी शाळेतल्या सकाळच्या वर्गासारखी थंड होती. करंजीनंतर याडी झोपली. झोपेत तिचा एक पाय खाटेवरून खाली सरकून फरशीला टेकला. मी तो उचलला नाही. पहिल्यांदाच मला तो उचलावासा वाटला नाही, आणि त्या एका गोष्टीसाठी मी त्या कुलरच्या पत्र्याची, चाचांच्या पॅकिंगची, माझ्या अबोल नवऱ्याची आणि वैलावरच्या तीन खड्यांची जन्मभर आभारी आहे.

मावशी तांड्याच्या तोंडाशीच खुर्ची टाकून बसली होती. याडीला खाली उतरवायला आम्ही पुढं झालो तर मावशी म्हणाली, “थांबा. तिले नका उतरवू. मीच येतो.” दोघांनी धरून तिला गाडीत चढवलं. गुडघे वाकत नसतानाही ती खाटेवर बसली नाही. पाय लांब सोडून खाली फरशीवर बसली, बरोबर त्याच जागी, आणि तिनं बहिणीचे पाय ओढून आपल्या मांडीवर घेतले. दोघी बोलल्याच नाहीत. फोनवर इतकी वर्षं जे एकच वाक्य बोलत होत्या, ते आता बोलायची गरज उरली नव्हती.

मी तुपाचा डबा मावशीपुढं ठेवला. तिनं झाकण काढलं, बोटांनी तुपाचा एक गोळा काढून तळहातावर घेतला आणि याडीचे तळपाय चोळायला लागली. हळू, टाचेपासून बोटांपर्यंत, लहान पोराचे चोळावेत तसे. याडी वाकून ते बघत होती. बघत होती, पण तिला काही कळत नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर मला दिसत होतं. कोणीतरी दुसऱ्याच कोणाचे पाय चोळत असावं, असं ती बघत होती. मग तिनं मान वर केली. मावशीला नाही, मला विचारलं, दिवसभर विचारत होती त्याच आवाजात.

“पाय बरं, तिचा हात गरम हाय का?”

मी पुढं होऊन माझा हात मावशीच्या हातावर ठेवला, पायाला लागेल असा. बोटांच्या मधून पातळ तूप ओघळत होतं.

“गरम हाय याडी,” मी म्हटलं. “तूप वितळून राह्यलं.”